पुण्याहून हौशी विमानोड्डाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी छोटं विमान घेऊन निघायचं, तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या धावपट्टीवर उतरायचं, चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. नोकरीसाठी नाही आणि कामासाठीही नाही, निव्वळ हौस म्हणून. पुण्यात राहून हे जमतं का, असं सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत अनेक जण विचारतात. जमतं. मी खासगी वैमानिक आहे, विमान चालवून पैसे कमवत नाही. त्याच नजरेतून ही उत्तरं लिहिली आहेत. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहून घ्या.

लोहगावहूनच छोटं विमान उडवता येईल का?

हौसेसाठी लोहगावचा विचार सोडून द्यावा, असं माझं मत आहे. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी आणि हवाई नियंत्रण त्यांच्याकडे आहे. प्रवासी विमानं तिथे नागरी विभागातून चालतात. सुखोई, एअरबस आणि बोइंग यांच्या गर्दीत दोन आसनी विमानाने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरावीक फेऱ्या, मारत राहणं कोणाच्याच सोयीचं नाही. खासगी विमानं तिथे येतात, पण आधी परवानगी घ्यायची, वेळेचा स्लॉट मिळवायचा, ग्राउंड हँडलिंग ठरवायचं आणि पार्किंगची जागा आहे का ते बघायचं, एवढं सगळं करावं लागतं. एका तासाच्या आनंदासाठी हा व्याप फार होतो.

मग पुणेकर उडतात कुठून?

बहुतेक जण बारामतीहून. पुण्याहून गाडीने साधारण शंभर किलोमीटर. एमआयडीसीला लागून असलेली ही धावपट्टी प्रशिक्षणासाठी बरीच वर्षं वापरात आहे. आजूबाजूला सपाट शेती आहे, मोठी शहरं दूर आहेत आणि सह्याद्रीची मुख्य रांग पश्चिमेला बरीच लांब राहते. शिकणाऱ्याला याहून चांगली जागा आपल्या भागात मिळणं अवघड आहे. राज्यात धुळे आणि गोंदियालाही प्रशिक्षण चालतं, पण नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकायचं असेल तर पुणेकराला बारामतीच सोयीची.

सकाळी सातला विमानाजवळ उभं राहायचं असेल तर पुण्यातून चारच्या सुमारास निघावं लागतं. काही जण आदल्या रात्रीच बारामतीत मुक्कामाला जातात. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. अपुऱ्या झोपेनंतर दोन-अडीच तास गाडी चालवून लगेच विमानात बसू नये.

परवाना कोणता लागतो?

स्वतःच्या आनंदासाठी उडायचं असेल तर खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल. त्याआधी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना, एसपीएल, घ्यावा लागतो. तो वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो, पीपीएल १७ व्या वर्षी. दोन्हींसाठी शिक्षणाची अट दहावी उत्तीर्ण एवढीच आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं ही अट व्यावसायिक परवान्याची, सीपीएलची आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि वाणिज्य किंवा कला शाखेची कितीतरी माणसं विनाकारण मन मारतात. वकील, डॉक्टर, द्राक्षबागायतदार, शिक्षक, कोणीही पीपीएल घेऊ शकतं.

पीपीएलसाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले काही तास इन्स्ट्रक्टरबरोबर, काही एकट्याने, आणि काही तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या सरावाचे. या शेवटच्या प्रकारात किमान १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा एक मोठा फेरा असतो आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं असतं. बारामतीहून कोल्हापूर आणि कराड करून परत आलं तरी हे अंतर भरतं. लेखी परीक्षेत हवाई नियम, दिशाशोधन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिनाची माहिती हे विषय असतात. रेडिओवर बोलण्यासाठी वेगळा परवाना लागतो. ही परीक्षा लोक हलक्यात घेतात आणि मग तिथेच अडकतात. रेडिओचा सराव पहिल्या दिवसापासून करा, अगदी घरी मोठ्याने बोलून सुद्धा.

४० तास हा किमान आकडा आहे. आठवड्यातून एकदाच येणाऱ्याला जास्त तास लागतात, कारण मधल्या दिवसांत हात विसरतो. शक्य असेल तर सलग तीन-चार आठवड्यांची रजा काढून मोठा भाग एकदम पूर्ण करावा.

चष्मा आहे, चाळिशी उलटली आहे, साखरेची गोळी चालू आहे. चालेल का?

चष्म्याने दृष्टी नीट होत असेल तर अडचण नाही. वयाची वरची मर्यादा मनात धरून बसू नका, तब्येत महत्त्वाची. पीपीएलसाठी वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी असते आणि ती डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. रंग ओळखण्यातला दोष, रक्तदाब, मधुमेह, फिट येण्याचा इतिहास यांचा निर्णय तपासणीनंतर होतो. माझा आग्रह एकच आहे: प्रशिक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी तपासणी करून घ्या. आणि काहीही लपवू नका. हवेत त्रास झाला तर शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा जीवही तुमच्या हातात असतो.

खर्च किती येतो?

विमानानुसार आणि संस्थेनुसार दर वेगळे आहेत, पण एका तासाचा दर पाच आकडीच धरा. त्यात जमिनीवरचं शिक्षण, तपासण्या, परीक्षा, हेडसेट आणि पुणे-बारामती फेऱ्यांचं पेट्रोल मिळवा. परवाना मिळाल्यावर खर्च थांबत नाही. सराव टिकवायला नियमित उडावं लागतं. हे परवडणार नसेल तर परवाना कपाटात पडून राहील, म्हणून वर्षाला किती तास उडणं झेपेल याचा हिशेब आधीच मांडा.

हा खेळ केवळ धनिकांचा आहे असं म्हणून मात्र सोडू नका. भारतातली विमानविद्या फ्लाइंग क्लबांतूनच वाढली. मुंबईत जुहूला १९२८ मध्ये विमानतळ आणि फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना देशात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तोही असाच क्लबात शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन जे विमान आणलं ते एक इंजिनाचं पुस मॉथ होतं, आज बारामतीला दिसणाऱ्या विमानांच्याच आकारमानाचं. त्यामुळे क्लबचं विमान सगळ्यांनी मिळून वापरायचं आणि तासाप्रमाणे पैसे द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. स्वतःचं विमान घ्यायची गरज नसते.

परवाना मिळाल्यावर मित्रांना, घरच्यांना नेता येईल का? त्यांच्याकडून पैसे घेतले तर?

नेता येईल. मात्र अलीकडच्या काळात पुरेशी उड्डाणं आणि लँडिंग केलेली असायला हवीत, आणि क्लबचं विमान असेल तर त्यांचा चेक फ्लाइट द्यावा लागतो. पैसे घेऊन प्रवासी नेणं पीपीएलधारकाला मना आहे. ‘जॉय राइड’ म्हणून कोणी खासगी वैमानिक माणशी दर सांगत असेल तर बसू नका. पैसे घेऊन माणसं नेण्यासाठी वेगळा ऑपरेटर परवाना लागतो, आणि तो नसताना काही झालं तर विम्याचा दावाही अडतो.

विमानाला चार सीट आहेत, म्हणजे चौघं जाऊ शकतो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आकड्यांनिशी सांगतो. सेसना १७२ च्या अलीकडच्या एका आवृत्तीचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचं वजन साधारण ७७० किलोच्या आसपास धरा. नेमका आकडा त्या त्या विमानाच्या कागदात असतो आणि तोच वापरायचा. उरले सुमारे ३८७ किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर. अॅव्हगॅसचं, म्हणजे या इंजिनांच्या पेट्रोलचं, वजन लिटरला ०.७२ किलोच्या आसपास, म्हणजे १४४ किलो. आता माणसं आणि सामान यांच्यासाठी २४० किलोच्या थोडे वर राहिले. ऐंशी किलोची तीन माणसं बसली की विमान भरलं.

चौथा माणूस घ्यायचा तर इंधन कमी करावं लागतं. इंधन कमी केलं की पल्ला कमी होतो. शिवाय एकूण वजन मर्यादेत असलं तरी ते पुढे-मागे कुठे आहे हेही बघावं लागतं. मागच्या सीटवर दोन धिप्पाड माणसं आणि त्यामागे बॅगा असल्या तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान हाताळायला अवघड होतं. म्हणून पाहुण्यांना खरं वजन विचारा. संकोच वाटतो, पण विचारा. मी सरळ बाथरूमचा वजनकाटा गाडीत ठेवतो.

सेसना १५२ मध्ये तर दोनच सीट. दोन भरभक्कम माणसं बसली तर तिथेही टाकी पूर्ण भरता येत नाही.

निघण्यापूर्वी कोणत्या परवानग्या लागतात?

एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जायचं तर फ्लाइट प्लॅन भरावा लागतो. त्यात विमानाची नोंदणी, मार्ग, उंची, वेग, वेळ, किती तासांचं इंधन आहे आणि किती माणसं आहेत हे सगळं येतं. त्यानंतर दोन क्रमांक मिळवायचे. एक फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा, एफआयसी क्रमांक. दुसरा हवाई संरक्षणाच्या यंत्रणेचा, एडीसी क्रमांक. रडारवर दिसणारा ठिपका कोणाचा आहे हे हवाई दलाला आधीच माहीत असावं, हा त्यामागचा हेतू. आपल्या भागात तर हे काटेकोरपणे पाळायलाच हवं. लोहगावचा तळ, खडकवासल्याची एनडीए, दारूगोळ्याचे कारखाने आणि डेपो हे सगळं पुण्याच्या परिसरात आहे. कोणत्या भागावरून जायचं नाही, किती उंचीपर्यंत मनाई आहे, हे नकाशावर आणि त्या दिवसाच्या नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांमध्ये, बघितल्याशिवाय निघू नये.

ज्या धावपट्टीवर जायचं तिथल्या व्यवस्थापनाची परवानगीही आधी घ्या. धावपट्टी रिकामी दिसते म्हणून ती खुली आहे असं समजायचं नाही. डागडुजी चालू असते, एखाद्या व्हीआयपीचं हेलिकॉप्टर येणार असतं, कधी गवत कापणारी माणसं धावपट्टीवर असतात. आदल्या दिवशी फोन केलेला बरा.

कोणता मोसम चांगला?

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. पावसाळा सरल्यावरचे पहिले दोन महिने तर अप्रतिम. धरणं तुडुंब, डोंगर अजून हिरवे, हवा धुतलेली. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं आणि धुरकट थर असतो. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात तो उशिरापर्यंत राहतो. डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला, म्हणजे व्हीएफआर नियमांखाली, किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते आणि ढगांपासून बाजूला दीड किलोमीटर व वर-खाली ३०० मीटर अंतर राखावं लागतं. सूर्य मावळल्यावर व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. थंडीत दिवस लहान असतो, म्हणून दुपारच्या परतीचा हिशेब सकाळीच करावा.

पावसाळ्यात मी सुट्टी घेतो. घाटमाथ्यावर ढग डोंगराला टेकलेले असतात. खाली बारामतीला ऊन असतं, भोर-वेल्ह्याकडे काहीच दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग वाढतात. त्यांच्या जवळपासही जाऊ नये. ढग अजून वीस-पंचवीस किलोमीटर लांब असतानाच त्याच्या खालून सुटलेला वारा धावपट्टीपर्यंत पोचतो आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, काही मिनिटांत उलटा फिरतो.

उन्हाळ्यात विमान जड झाल्यासारखं वाटतं म्हणतात, ते का?

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, प्रोपेलर कमी ओढतो आणि इंजिनाची ताकदही घटते. लोहगावची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,९४० फूट आहे. तिथे ४० अंश तापमान असेल तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळजवळ ५,४०० फुटांवर असते. कळसूबाईच्या शिखराची उंचीही तेवढीच, १,६४६ मीटर. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करत असता. बारामतीची गोष्ट फार वेगळी नाही. धावपट्टीवर धावण्याचं अंतर वाढतं, चढण मंदावते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत यायचं, माणसं कमी घ्यायची, आणि विमानाच्या पुस्तिकेतला तक्ता त्या दिवशीचं तापमान घालून प्रत्यक्ष वाचायचा. पाठ झालेले हिवाळ्याचे आकडे उपयोगाचे नाहीत.

एक सोपा, सुंदर मार्ग सुचवाल का?

बारामती ते कराड. हवाई अंतर सुमारे ११५ किलोमीटर, म्हणजे ६० सागरी मैलांच्या किंचित वर. शंभर नॉटच्या, म्हणजे ताशी शंभर सागरी मैलांच्या, वेगाने चाळीस मिनिटांच्या आत. रस्त्याने तीन तासांच्या आसपास लागतात.

बारामती सोडल्यावर थोड्याच वेळात नीरा नदी लागते. तिच्या दोन्ही तीरांचे कालवे वरून अगदी स्पष्ट दिसतात आणि कालव्याच्या अलीकडे हिरवं, पलीकडे करडं अशी सीमारेषा दिसते. पाणी कुठवर पोचलं आणि कुठे नाही हे इतकं लख्ख मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. उजव्या हाताला फलटण राहतं. मग शंभू महादेवाची रांग आडवी येते. इथे उंची राखायची. रांगेचे माथे तीन हजार फुटांच्या वर जातात आणि वारा असेल तर पलीकडच्या बाजूला विमान खाली दबतं. डाव्या हाताला लांबवर शिखर शिंगणापूर, पुढे औंधची यमाईची टेकडी. नैर्ऋत्येला जाताना सम हजार अधिक पाचशे आणि ईशान्येला येताना विषम हजार अधिक पाचशे, हा उंचीचा संकेत मी कमी उंचीवरही पाळतो: जाताना ६,५०० फूट, येताना ५,५००. समोरून येणारं विमान वेगळ्या उंचीवर असण्याची शक्यता त्याने वाढते.

कराड ओळखायला कृष्णा आणि कोयनेचा प्रीतिसंगम पुरेसा आहे. दोन नद्या समोरासमोर येऊन भिडतात, असं दृश्य वाटेत दुसरीकडे नाही. कराडची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. आजूबाजूला डोंगर आहेत, त्यामुळे सर्किट कोणत्या बाजूने मारायचं हे जमिनीवर असतानाच विचारून घ्या.

दुसरा मार्ग उजनीचा. तो दिसायला देखणा आहे, पण हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीत फ्लेमिंगोंचे थवे असतात. त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठीही जलाशयावरून खाली उतरू नका. उंचावरून, बाजूने जा.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उतरायचं कसं?

शांतपणे, बोलत बोलत. दहा मैलांवरून रेडिओवर स्वतःची ओळख, जागा, उंची आणि हेतू सांगायला सुरुवात करा. कोणी उत्तर देवो न देवो, सांगत राहा. सर्किटच्या उंचीच्या वरून धावपट्टी ओलांडा. विंडसॉक बघा, धावपट्टीवर कुत्रा, गाय, माणूस आहे का ते बघा. मग सर्किटमध्ये या, जमिनीपासून हजार फुटांवर, आणि डाउनविंड (धावपट्टीला समांतर), बेस (तिच्याकडे वळताना), फायनल (उतरण्यासाठी सरळ तिच्या रेषेत) असं प्रत्येक वळण रेडिओवर सांगा. रेडिओ नसलेलं किंवा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असलेलं विमानही तिथे असू शकतं, म्हणून डोळे बाहेर हवेत.

फायनलवर काहीही खटकलं तर पॉवर पूर्ण द्या आणि पुन्हा फेरी मारा. वेग जास्त आहे, वारा आडवा आहे, घार समोर आली, मन मानत नाही, कारण कोणतंही चालेल. हौशी उड्डाणात तिथे उतरलंच पाहिजे अशी सक्ती कोणाची नसते. व्यावसायिक वैमानिकामागे वेळापत्रक असतं, प्रवाशांची पुढची विमानं असतात. आपल्यामागे काही नाही. ही मोकळीक हीच आपली सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे आणि ती प्रत्येक टप्प्यावर वापरायला हवी: घरून निघताना, हँगरमध्ये, रांग ओलांडण्याआधी आणि फायनलवर सुद्धा.

हवेत इंजिन बंद पडलं तर?

विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत खाली येतं. सेसना १७२ उंचीच्या साधारण नऊ पट अंतर तरंगत जाऊ शकते. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर वारा नसताना आठ किलोमीटरच्या आसपासचं शेत गाठता येतं. पहिलं काम म्हणजे नाक खाली करून तरंगण्याचा वेग पकडायचा, या विमानात तो ६५ ते ६८ नॉटच्या आसपास. मग शेत निवडायचं. मग इंधनाची कळ, इंधन-हवेचं मिश्रण, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) आणि असेल तर कार्ब्युरेटर हीट (तिथला बर्फ वितळवणारी गरम हवा) तपासायचे. वेळ असेल तर रेडिओवर मेडे, ही संकटाची हाक, आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा.

आपल्या भागात शेताची निवड ऋतूप्रमाणे बदलते. उभा ऊस वरून गालिच्यासारखा दिसतो, पण तो माणसाहून उंच आणि दाट असतो. द्राक्षबागेत लोखंडी अँगल आणि तारा असतात. नांगरलेल्या रानात चाक रुततं, तिथे उतरायचंच तर सरींच्या दिशेने. कापणी झालेलं ज्वारीचं किंवा गव्हाचं रान सगळ्यात बरं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब शोधा.

हे ऐकून घरचे घाबरतात. त्यांना काय सांगू?

आकडे सांगू नका, विमान दाखवा. आई-बाबांना, पत्नीला किंवा नवऱ्याला एकदा धावपट्टीवर आणा. तुम्ही प्री-फ्लाइट, म्हणजे उड्डाणापूर्वीची तपासणी, करताना त्यांना शेजारी उभं राहू द्या. टाकीतून थोडं इंधन काढून उजेडात धरता, त्यात तळाला पाण्याचा थेंब आहे का बघता, डिपस्टिकने टाकी मोजता, प्रत्येक कळ चेकलिस्टप्रमाणे हलवता, हे त्यांनी पाहायला हवं. बहुतेकांची भीती तुम्ही धाडस करायला निघालात या समजुतीची असते. आणि एखाद्या दिवशी हवा ठीक नाही म्हणून उड्डाण रद्द करून त्यांच्यासोबत बारामतीहून नुसतेच परत या. त्या दिवशी त्यांचा तुमच्यावर जेवढा विश्वास बसेल तेवढा दुसऱ्या कशाने बसणार नाही.

तरीही कोणाला बसायचं नसेल तर गळ घालू नका.

पोटात ढवळतं. उपाय?

सकाळी लवकर उडा. अकरानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात आणि विमान हलतं. पूर्ण उपाशी बसू नका, भरपेट मिसळ खाऊनही बसू नका. दोन घास पोहे किंवा केळं पुरे. आलेपाकाची वडी अनेकांना उपयोगी पडते. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको, आणि हवेची खिडकी चेहऱ्याकडे वळवा. पाहुण्याच्या हातात कागदी पिशवी आधीच द्या म्हणजे मागायची वेळ येत नाही. ओढणी, साडीचा पदर आणि टोपी प्रोपेलरजवळ जाण्यापूर्वी आवरून घ्यायला सांगा. उतरतानाही इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही.

वाटेत इंधन मिळेल का?

मिळणार नाही असं धरून निघा. जुन्या धाटणीच्या पिस्टन इंजिनांना लागणारं अॅव्हगॅस १०० एलएल मोजक्याच ठिकाणी मिळतं. २०२२ पर्यंत ते देशात पूर्णपणे आयात व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवून बाजारात आणलं, तरी लहान धावपट्ट्यांवर पंप नसतो. जाण्या-येण्याचं, शिवाय किमान तीस मिनिटांचं राखीव इंधन सोबत हवं. मी पूर्ण तास राखून ठेवतो. डिझेल जातीच्या इंजिनाची डायमंडसारखी विमानं जेट इंधनावर चालतात, त्यांना मोठ्या विमानतळांवर सोय होते.

वरून फोटो काढले तर चालतात का?

हवाई छायाचित्रणावर निर्बंध आहेत आणि परवानगी लागते. लष्करी हद्द असलेल्या आपल्या भागात कॅमेरा बॅगेतच ठेवा. धावपट्टीवरही आधी विचारा. विमान चालवणाऱ्याने तर हवेत फोन हातात घेऊच नये.

एवढा खर्च आणि वेळ नाही. उडण्याची चव घ्यायला दुसरं काही?

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. डीजीसीएच्या अखत्यारीतलं हे केंद्र शहराच्या इतक्या जवळ आहे, तरी कित्येक पुणेकरांना ठाऊक नाही. विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचतात, दोर सुटतो आणि मग फक्त वाऱ्याचा आवाज. प्रशिक्षक सोबत असतो. उड्डाण काही मिनिटांचं असलं तरी इंजिनाशिवाय विमान कसं वागतं हे तिथे जे कळतं ते पुढे पॉवर विमान शिकताना फार कामी येतं. जाण्यापूर्वी उड्डाणं चालू आहेत का हे विचारून घ्या, हवा आणि देखभालीप्रमाणे ती बंद असतात. कामशेतला पॅराग्लायडिंग आहे, तो खेळ वेगळा आहे आणि त्याचं शिक्षणही वेगळं घ्यावं लागतं.

परत उतरल्यावर काम संपलं का?

नाही. पोचल्याची खबर द्या, म्हणजे कोणी तुम्हाला शोधायला निघणार नाही. विमान दोरांनी बांधा, कंट्रोल लॉक लावा, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर आवरण घाला. ते राहिलं तर रात्रीतून किडे-माशा घर करतात आणि पुढच्याचा वेगदर्शक काटा हलत नाही. लॉगबुकात वेळ लिहा. आणि उड्डाणात जे काही खटकलं, डाव्या ब्रेकचा पेडल मऊ लागला, मॅग्नेटो तपासताना आरपीएम जरा जास्त पडले, दाराची कडी सैल आहे, ते विमानाच्या नोंदवहीत लिहा आणि इंजिनिअरला तोंडी सांगा. पुढचं उड्डाण बहुधा एखाद्या नवख्या विद्यार्थ्याचं असेल.